बिनगिअरची स्वस्त सायकल: पारखून घेणे आणि टप्प्याटप्प्याने सुधारणे

सायकलच्या मागच्या चाकावर एकच दातेरी चक्र असले की अनेक किमती आणि नाजूक भागांची गरजच उरत नाही. गिअर बदलणारी यंत्रणा, तिच्या केबली, हँडलवरचे खटके आणि पाच-सात चक्रांचा संच यांपैकी काहीच लागत नसल्यामुळे, तेवढ्याच पैशांत गिअरच्या सायकलीपेक्षा बिनगिअरची सायकल बहुधा अधिक भरीव मिळते. तरीही ती स्वस्त असते, आणि ती नेमकी कुठे स्वस्त केली आहे हे ओळखणे हाच या सगळ्या खटाटोपाचा पाया आहे. उत्पादक तीन ठिकाणी पैसे वाचवतो: फ्रेमच्या धातूत, बसवलेल्या भागांच्या घडणीत आणि जुळणीसाठी दिलेल्या वेळात. पहिली उणीव आपल्याला दूर करता येत नाही, दुसरी पैसे घालून भरून काढता येते आणि तिसरी दोन संध्याकाळी, थोडे ग्रीस आणि चार पाने एवढ्यावर निघून जाते. स्वस्त सायकलींविषयीच्या बहुतेक तक्रारी या तिसऱ्या उणिवेच्या असतात, असा माझा अनुभव आहे. लोक मात्र सुरुवात दुसऱ्यापासून करतात, नवे भाग आणतात आणि कोरड्या छर्ऱ्यांवर फिरणाऱ्या चाकाला महाग टायर चढवतात. म्हणून खाली दिलेला क्रम पाळावा: आधी फ्रेम पारखावी, मग जुळणी पुरी करावी आणि त्यानंतरच पाकिटाला हात घालावा.

घेण्यापूर्वी: जे बदलता येत नाही ते पाहावे

पहिली कसोटी मापाची. आडव्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर सपाट उभे राहिल्यावर दांडा आणि शरीर यांच्यात २ ते ५ सेंमी अंतर राहिले पाहिजे. मग सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे. पाय जेमतेम सरळ होत असेल तर उंची योग्य आहे, कारण प्रत्यक्ष चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर येतो आणि गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. आकड्यांत मोजायचे असल्यास अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यावे आणि त्याला ०.८८३ ने गुणावे. क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, फिरण्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर साधारण तेवढे असावे. जांघेची उंची ८० सेंमी असेल तर हे अंतर ७०.६ सेंमी येते. या उंचीसाठी सीटचा दांडा इतका वर ओढावा लागत असेल की त्यावरची किमान खोलीची खूण उघडी पडते, तर फ्रेम लहान आहे. लांब दांडा बसवून ही अडचण सुटते असे विक्रेता सांगेल, पण उंची सुटली तरी हँडलपर्यंतचे अंतर तोकडेच राहते.

दुसरी कसोटी बिनगिअरच्या सायकलीपुरती खास आहे आणि ती चुकली तर पुढचे बरेचसे लिखाण निरुपयोगी ठरते. मागच्या चाकाचा एक्सल, म्हणजे मधला आस, फ्रेमच्या ज्या खाचेत बसतो ती खाच आडवी असली पाहिजे, मग तिचे तोंड पुढे असो वा मागे. गिअरच्या सायकलीत सैल चेन ताणून धरणारा हात असतो. येथे तो नसल्यामुळे चाक मागे सरकवणे हाच चेन ताणण्याचा एकमेव साधा उपाय आहे. उभी खाच असलेल्या फ्रेमवर एकच चक्र बसवून ती ‘सिंगल स्पीड’ म्हणून विकलेली दिसली तर ती सोडून द्यावी. आडव्या खाचेची लांबीही पाहावी. चेनचा एक पूर्ण दुवा म्हणजे २५.४ मिमी, आणि तो काढला किंवा घातला की एक्सल त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे १२.७ मिमी, सरकतो. त्यामुळे एक्सलला तेवढी तरी मोकळीक नसेल तर चेन कधी आखूड पडते, कधी लोंबते, आणि मधली जागा सापडत नाही.

जुनी सायकल घेत असल्यास याखेरीज तीन गोष्टी तपासाव्यात. समोरून धडक बसलेल्या सायकलीत आडवा आणि तिरका दांडा हँडलच्या नळीला जिथे मिळतात तिथे, जोडाच्या किंचित मागे, खालच्या बाजूला बोट फिरवावे. रंगाला सुरकुती किंवा बारीक भेग असेल तर आतला धातू दबलेला आहे. फ्रेमचा सरळपणा पाहण्यासाठी दोरा पुरतो: मागच्या एका खाचेला दोरा बांधून तो हँडलच्या नळीवरून वळवावा आणि दुसऱ्या खाचेला ताणून बांधावा, मग सीटच्या नळीपासून दोन्ही दोऱ्यांचे अंतर मोजावे. दोन-तीन मिमी फरक क्षम्य आहे, बोटभर फरक नाही. तिसरी गोष्ट म्हणजे सीटचा दांडा आणि हँडलचा दांडा हे दोन्ही खरोखर हलतात का ते समोर हलवून पाहावे. वर्षानुवर्षे एकाच जागी गंजून बसलेला दांडा काढताना फ्रेम खराब झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. फ्रेमचा क्रमांक बहुधा क्रँकच्या नळीखाली कोरलेला असतो. तो घासून काढलेला दिसला तर सौदा कितीही चांगला असो, तिथेच थांबावे.

नव्या स्वस्त सायकलींत एक मोह हमखास समोर येतो, तो म्हणजे शॉकअप आणि डिस्क ब्रेक. ठरलेल्या किमतीत या दोन गोष्टी बसवायच्या म्हणजे त्यांचा पैसा हब (चाकाचा मधला भाग), रिम (चाकाची धातूची कड) आणि क्रँक यांतून काढलेला असतो, आणि स्वस्त शॉकअप वजन वाढवण्यापलीकडे फारसे काही करत नाही. पुढचे चाक धरणारा साधा सरळ फोर्क असलेली, दिसायला जरा रूक्ष अशी सायकल याच किमतीत जवळजवळ नेहमीच सरस निघते.

चाकाचा खरा आकडा

पुढे टायर, ट्यूब किंवा रिम बदलायची वेळ येणार हे गृहीत धरून चाकाचे माप आजच नोंदवून ठेवावे. ‘२६ इंची चाक’ हे शब्द जवळजवळ निरर्थक आहेत, कारण याच नावाखाली निदान चार-पाच वेगवेगळ्या व्यासांच्या रिमा प्रचारात आहेत. आयएसओ ५७७५ या मानकानुसार टायरच्या बाजूवर दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ३७-५९०. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो आणि दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. २६ × १ ३/८ म्हणजे बहुधा ५९०, डोंगरी धाटणीच्या २६ इंची सायकलीचे ५५९, जुन्या वळणाच्या २८ × १ १/२ चे ६३५ आणि ७००सी चे ६२२. यांपैकी दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. पहिल्यात थोडी मुभा असते. ६२२ आणि ५५९ या मापांत टायरांची निवड सर्वांत मोठी आहे, म्हणून दोन सारख्याच सायकलींतून एक निवडायची असेल तर हा मुद्दा निर्णायक मानावा.

चुंबक बरोबर न्यावा. तो रिमला चिकटला तर रिम पोलादी आहे, आणि पोलादी रिमवर रबराचे ब्रेक पावसात अगदी केविलवाणे काम करतात. कोरड्या रस्त्यावर जिथे सायकल झटकन थांबते तिथे ओल्या रिमवर ती बराच वेळ घसरत राहते. ॲल्युमिनिअमच्या रिमा असलेली सायकल थोडी महाग असली तरी घ्यावी, कारण नंतर दोन्ही चाके नव्याने बांधून घेण्याचा खर्च या फरकाहून हमखास जास्त होतो.

पहिली संध्याकाळ: जुळणी पुरी करणे

सायकल घरी आली की ती चालवण्याआधी उघडावी. चाकाच्या हबमध्ये बहुधा कप (हबमधली वाटी) आणि कोन (एक्सलवरचा निमुळता नट) यांच्यात सुटे किंवा जाळीत बसवलेले छर्रे असतात; पुढच्या हबमध्ये ३/१६ इंची आणि मागच्यात १/४ इंची छर्रे ही सर्वसाधारण रीत आहे. चाक फ्रेममधून काढून एक्सल बोटांच्या चिमटीत धरावा आणि हळू फिरवावा. वाळूवरून फिरल्यासारखी खरखर जाणवली तर एक तर कोन जास्त आवळलेले आहेत किंवा ग्रीस नाही, आणि नव्या स्वस्त सायकलीत दोन्ही एकाच वेळी असू शकते. एका बाजूचा लॉकनट (कोन जागी धरणारा बाहेरचा नट) व कोन काढून छर्रे मोजून घ्यावेत, सगळे पुसावे, कपमध्ये भरपूर ग्रीस भरून छर्रे परत बसवावेत आणि कोन हाताने टेकेपर्यंत फिरवावा. आता येतो चिकाटीचा भाग. कोन पातळ पान्याने स्थिर धरून त्यावर लॉकनट आवळला की कोन किंचित आत सरकतो, त्यामुळे आधी बरोबर वाटलेली जुळणी घट्ट होते. ती सोडून, पाव आटा मागे घेऊन पुन्हा आवळावे लागते. चाक फ्रेममध्ये बसवल्यावर रिम बाजूला ढकलून पाहिली असता ती डुगडुगू नये, आणि चाक उचलून सोडले असता व्हॉल्व्हच्या वजनाने ते आपोआप झुलून स्थिरावे. हे साधायला पहिल्या खेपेस तास लागला तरी तो वाया गेला असे समजू नये, कारण जास्त आवळलेला कोन काही महिन्यांत कपवर खड्डे पाडतो आणि मग अख्खा हब बदलावा लागतो.

हीच कृती हँडलच्या नळीतील वरच्या-खालच्या छर्ऱ्यांना आणि क्रँकच्या एक्सलला, म्हणजे बीबीला, लागू आहे. बीबीच्या बाबतीत आट्यांची दिशा ध्यानात ठेवावी. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या बंदुका आणि सायकली बनवणाऱ्या जुन्या कंपनीच्या नावाने ओळखले जाणारे बीएसए आटे आजही सर्वाधिक प्रचारात आहेत, आणि त्यांत चेनच्या बाजूचा, म्हणजे उजवा, कप उलट्या आट्यांचा असतो. पायडलमध्ये हे नेमके फिरते: डाव्या पायडलचे आटे उलटे, उजव्याचे सरळ. पायडल आवळताना पान्याचा वरचा भाग सायकलच्या पुढच्या दिशेला फिरतो, हे एक वाक्य पाठ केले की दोन्ही बाजूंना चालते. पायडलच्या आट्यांना ग्रीस लावूनच ते बसवावेत आणि पहिले दोन-तीन आटे हातानेच फिरवावेत, कारण मऊ क्रँकमध्ये पायडल तिरपे घुसले तर आटे कायमचे जातात. सीटच्या दांड्याला आणि हँडलच्या दांड्याला पोलादी फ्रेमच्या आत ग्रीसचा पातळ थर द्यावा.

चाकांचा आऊट, म्हणजे रिमचा डावा-उजवा डोल, याच संध्याकाळी काढावा. सायकल उलटी ठेवून ब्रेकच्या रबराला कागदाची पट्टी टेकवावी आणि चाक फिरवत रिम कुठे कडेला जाते ते पाहावे. रिम उजवीकडे जात असेल तर त्या जागी डाव्या बाजूच्या तारांचे निपल (तारांच्या टोकाचे छोटे नट) आवळायचे आणि उजव्या बाजूचे तेवढेच सैल करायचे, तेही एका वेळी पाव फेऱ्याने. स्वस्त चाकात तारांचा ताण मुळातच कमी आणि असमान असतो, म्हणून आऊट निघाल्यावर सगळ्या तारा बोटांनी छेडून ऐकाव्यात. एखादी ढप्प आवाज करत असेल तर ती काही काम करत नाही आणि तिचा भार शेजारच्या तारांवर पडत आहे. स्वस्त सायकलीच्या तारा वारंवार तुटतात त्याचे मोठे कारण हा सैलपणाच असतो.

ब्रेक

सुधारणेचा पहिला पैसा येथे घालावा. ब्रेकची मूळ रबरे कडक आणि गुळगुळीत असतील तर चांगल्या प्रतीची मऊ रबरे आणि सोबत नव्या केबली बसवाव्यात. एवढ्याने होणारा फरक पाहून अनेकांचा पुढच्या खरेदीचा उत्साह ओसरतो, आणि ते चांगलेच आहे. रबर रिमवर पूर्ण टेकले पाहिजे, टायरला घासता कामा नये आणि रिमखाली घसरताही कामा नये. ते बसवताना पुढची कड मागच्यापेक्षा सुमारे १ मिमी आधी टेकेल असे किंचित तिरके ठेवावे, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही. केबलचे बाहेरचे आवरण नेमक्या लांबीचे कापून त्याची टोके कानशीने सपाट करावीत, कारण चेपलेल्या टोकात केबल अडकते आणि दोष बिचाऱ्या ब्रेकला दिला जातो.

ब्रेकच बदलायचा असल्यास दोन मापे घ्यावी लागतात. बोल्टच्या छिद्रापासून रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्टीपर्यंतचे अंतर नव्या ब्रेकच्या हाताच्या पल्ल्यात बसले पाहिजे. शिवाय साधा कॅलिपर (एकाच बोल्टवर बसणारा ब्रेक) आणि व्ही-ब्रेक (दोन बाजूंना वेगळे उभे हात असलेला) यांना केबल वेगवेगळी खेचावी लागते, त्यामुळे व्ही-ब्रेक घेतला तर त्याचाच लिव्हर घ्यावा. चुकीच्या जोडीत लिव्हर हँडलला टेकतो तरी चाक थांबत नाही. उलटे पायडल मारून लागणारा ब्रेक असलेल्या सायकलींना पुढचा ब्रेक जरूर बसवावा, कारण चेन उतरली की त्या सायकलीचा एकमेव ब्रेकही त्याच क्षणी जातो.

दात्यांचे गणित

एकाच गिअरची सायकल चालवायला जड की हलकी हे पुढच्या आणि मागच्या दात्यांच्या गुणोत्तरावर ठरते, आणि कारखान्यातून आलेले गुणोत्तर बहुधा प्रत्यक्ष वापरापेक्षा जड असते. पुढे ४६ आणि मागे १६ दाते ही जोडी घेऊ. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४६ ÷ १६ = २.८७५ वेळा फिरते. ३२ मिमी रुंद टायर चढवलेल्या ७००सी चाकाचा परीघ सुमारे २.१५ मीटर असतो, म्हणजे एका फेऱ्यात सायकल ६.१८ मीटर जाते. मिनिटाला ८० फेरे या सुखकर गतीने पाय फिरवले तर वेग ताशी जवळजवळ ३० किमी होतो. थांबत-सुटत, सामान घेऊन, वाऱ्याविरुद्ध जाणारा माणूस हा वेग टिकवू शकत नाही. तो ताशी २२ किमीने जातो आणि त्याचे पाय मिनिटाला ६० फेऱ्यांवर रखडतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर जोर येतो. आता पुढे ४४ आणि मागे १८ दाते घेतले तर गुणोत्तर २.४४ होते, एका फेऱ्यात ५.२५ मीटर जाता येते आणि ८० फेऱ्यांना ताशी २५ किमी वेग मिळतो. ४४ आणि २० या जोडीत तोच वेग ताशी २२.७ किमी येतो.

माझा स्पष्ट कौल असा की सपाट रस्त्यावरच्या रोजच्या वापरासाठी २.४ ते २.६ च्या दरम्यान राहावे आणि चढ असतील तर २.२ पर्यंत खाली यावे. उतारावर पाय रिकामे फिरतील. तेव्हा ते थांबवून बसावे, फ्रीव्हील, म्हणजे मागचे मोकळे सुटणारे दातेरी चक्र, त्यासाठीच आहे. चाक लहान असेल तर परीघही लहान होतो, म्हणून वरचे हिशेब आपल्या चाकाचा परीघ दोऱ्याने मोजून पुन्हा करावेत.

गुणोत्तर बदलण्याचा स्वस्त मार्ग मागून जातो. मागचा एक दाता वाढवणे हे पुढचे अडीच ते तीन दाते कमी करण्यासारखे आहे, आणि नवे फ्रीव्हील हे नव्या चेनव्हीलपेक्षा, म्हणजे पुढच्या चक्रापेक्षा, साधारणतः स्वस्त असते. दर एका दात्यामागे एक्सल सुमारे ३ मिमी पुढे येतो, त्यामुळे १६ वरून १८ वर जाताना चाक ६ ते ७ मिमी पुढे सरकेल. खाचेत तेवढी जागा असेल तर जुनीच चेन चालते. नेहमीच्या, म्हणजे १.३७ इंच व्यासाच्या आणि इंचाला २४ आटे असलेल्या, हबवर १६ पेक्षा कमी दात्यांचे फ्रीव्हील सहसा बसत नाही, पण स्वस्त सायकलीला त्याहून जड गुणोत्तराची गरज क्वचितच पडते.

फ्रीव्हील आणि चेन बदलणे

फ्रीव्हील प्रत्येक पायडलसरशी आपोआप आवळत गेलेले असते, त्यामुळे ते काढायला बळ लागते. आधी त्याच्या तोंडाशी दोन खाचा आहेत की चार ते पाहून नेमका तोच पुलर, म्हणजे ते काढायचे हत्यार, आणावा. पुलर खाचांत बसवून वरून एक्सलचा नट हलकेच टेकवावा, म्हणजे तो उडत नाही. मग लांब पान्याने, किंवा पुलर शिकंजात धरून अख्खे चाक स्टिअरिंगसारखे फिरवून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जोर द्यावा. पहिला झटका सुटला की लगेच नट मोकळा करावा, नाहीतर पुलर पुढे येऊन त्यावर अडकतो. मी एकदा नवी रिम बांधण्याच्या घाईत जुन्या चाकाच्या तारा आधी कापल्या आणि फ्रीव्हील नंतर काढायला घेतले. हातात नुसता गोल हब उरल्यावर त्याला धरायचे कशाने हा प्रश्न पडला, आणि चांगला हब फ्रीव्हीलसकट भंगारात गेला. तात्पर्य, चाक बांधलेले असतानाच फ्रीव्हील काढावे. नवे बसवताना आट्यांना ग्रीस द्यावे, पण फ्रीव्हीलच्या आत मात्र पातळ तेलच घालावे, कारण ग्रीसमध्ये आतले खटके चिकटून बसतात आणि पायडल अचानक रिकामे फिरते.

चेनची जुनी-नवी पारख पट्टीने करावी. नव्या चेनचे सलग १२ पूर्ण दुवे, म्हणजे २४ खिळ्यांची अंतरे, बरोबर ३०४.८ मिमी भरतात. हे अंतर दीड मिमीने वाढले की चेन बदलावी. ३ मिमीने वाढेपर्यंत वाट पाहिली तर दातेही झिजून आकड्यासारखे झालेले असतात आणि नवी चेन त्यांवर उड्या मारते. चेनची रुंदी दोन प्रकारची असते, १/८ इंच आणि ३/३२ इंच. रुंद चेन अरुंद दात्यांवर चालते, उलट प्रकार चालत नाही. चेनलॉकची, म्हणजे चेनची टोके जोडणाऱ्या दुव्याची, पट्टी बसवताना तिचे बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला ठेवावे.

ताण देताना मागच्या चाकाचे नट अर्धवट आवळून चाक मागे ओढावे आणि चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली हलवून पाहावे. १० ते १५ मिमी हालचाल ठीक आहे. स्वस्त चेनव्हील क्वचितच अचूक गोल असते, म्हणून क्रँक पूर्ण फिरवत जिथे चेन सर्वांत ताठ होते तिथे ही हालचाल मोजावी. सैल भागात ती जरा लोंबली तरी चालेल, पण ताठ भागात तंबोऱ्याच्या तारेसारखी झाली तर छर्रे आणि कप दोन्ही झिजतील. मागून पाहिले असता चेन पुढच्या आणि मागच्या दात्यांवर एका सरळ रेषेत दिसली पाहिजे. तिरपी असेल तर ती आवाज करते, लवकर झिजते आणि नको त्या वेळी उतरते.

टायर, सीट आणि बाकीचे

टायर बदलायचे झाल्यास फ्रेममध्ये मावतील तेवढे रुंद घ्यावेत. बिनगिअरच्या सायकलीला शोभेल म्हणून २३ मिमीचे अरुंद टायर चढवण्याची हौस खडबडीत रस्त्यावर पहिल्याच आठवड्यात फिटते. ३२ ते ३८ मिमीचा, मऊ बाजूंचा आणि आतून पंक्चररोधक पट्टी असलेला टायर हलकाही धावतो आणि रिमही वाचवतो. हवा बाजूवर छापलेल्या मर्यादेतच ठेवावी. जुन्या पोलादी रिमची कड टायरला पक्की पकडत नाही, त्यामुळे तिथे जास्त दाबाचा प्रयोग करू नये. रिमच्या आतली पट्टी तपासावी, कारण निपलच्या टोकाने आतून होणारे पंक्चर कोणत्याही महाग टायरने थांबत नाही.

सीट, मुठी आणि पायडल हे शरीराला टेकणारे भाग आपल्या आवडीने बदलावेत. त्यांत नियम सांगण्यासारखे थोडे आहे. प्लॅस्टिकची पायडले मात्र पावसात बूट घसरवतात, ती लवकर काढावीत.

क्रँक कॉटर पिनेने, म्हणजे आडव्या ठोकलेल्या पाचरीने, बसवलेला असेल आणि पिन सैल होऊन एका जागी ‘टक’ आवाज येत असेल, तर नवी पिन कानशीने एकसारखी घासून, दोन्ही बाजूंच्या पिनांची तोंडे परस्परविरुद्ध ठेवून ठोकून बसवावी. चौकोनी एक्सलचा क्रँक असेल तर त्याचा बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा. सैल क्रँकने थोडे अंतर जरी कापले तरी त्याचे मऊ चौकोनी छिद्र गोल होते, आणि मग तो कितीही आवळला तरी टिकत नाही.

काही सायकलींच्या मागच्या हबला एका बाजूला फ्रीव्हीलचे आणि दुसऱ्या बाजूला फिक्स्ड चक्राचे, म्हणजे मोकळे न सुटता चाकाबरोबरच फिरणाऱ्या चक्राचे, आटे असतात. फिक्स्ड बाजू वापरायची असेल तर पुढचा ब्रेक ठेवावा, आणि चक्राच्या बाहेर उलट्या आट्यांची लॉकरिंग बसते याची खात्री करावी. फ्रीव्हीलच्या साध्या आट्यांवर नुसते चक्र फिरवून बसवले तर पाय उलटे रेटताच ते सुटते, आणि ते सुटते त्याच क्षणी आपण सायकल थांबवण्याच्या प्रयत्नात असतो.

कुठे थांबावे

ब्रेकची रबरे, केबली, फ्रीव्हील, चेन आणि टायर हे सगळे मिळून सायकलच्या मूळ किमतीच्या निम्म्यापर्यंत गेले तर तो खर्च वसूल होतो, कारण हे भाग दुसऱ्या सायकलीवरही चढवता येतात. त्यापुढे नवी चाके, नवा क्रँक, नवा फोर्क असे पाऊल टाकण्यापूर्वी दुसऱ्या, बऱ्या सायकलीचा भाव विचारावा. वजन कमी करण्यासाठी भाग बदलणे हा या सायकलीवरचा सर्वांत तोट्याचा व्यवहार आहे. वजनाचा मोठा हिस्सा फ्रेममध्ये असतो आणि तो तिथेच राहतो. अपवाद एकच, पोलादी रिमा. ओल्या रस्त्यावर रोज चालवायचे असेल तर ॲल्युमिनिअमच्या रिमांची चाके मर्यादा ओलांडूनही घ्यावीत, आणि घेताना मागच्या एक्सलची रुंदी फ्रेमच्या दोन खाचांमधील अंतराशी जुळवून पाहावी. बिनगिअरच्या सायकलींत ही रुंदी बहुधा ११० किंवा १२० मिमी असते, तर गिअरच्या चाकांत १३० आणि १३५ मिमी.

सगळे बसवून झाल्यावर सुमारे ५० किमी चालवावे आणि पाने पुन्हा हातात घ्यावेत. नव्या केबली या अवधीत थोड्या सैल होतात, तारा आपल्या जागी बसतात, क्रँकचे बोल्ट अर्धा-पाव आटा आणखी घेतात आणि चेन किंचित लोंबू लागते. हँडल दोन्ही गुडघ्यांत चाक धरून पिळून पाहावे, मागच्या चाकाचे दोन्ही नट तपासावेत, कोनांची डुगडुग पुन्हा एकदा बघावी. यानंतरची तपासणी ३०० किमीला केली तरी चालते, आणि त्या वेळी चेनला पट्टी लावण्यास विसरू नये. काढलेले जुने १६ दात्यांचे फ्रीव्हील तेल लावून कागदात गुंडाळून ठेवावे, आणि त्याच कागदावर टायरचा आकडा, चेनची रुंदी व दुव्यांची संख्या, सीटच्या दांड्याचा व्यास आणि एक्सलची रुंदी लिहून ठेवावी. पुढच्या वेळी दुकानात जाताना सायकल न्यावी लागत नाही.